सोशल सायन्सची पेपरबॅक्स: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा आहे ते सुटतील. पुस्तकांच्या दुकानात 'मानसशास्त्र आणि वर्तन' अशा पाटीखाली जी चकचकीत इंग्रजी पेपरबॅक्स लावलेली असतात ना, माणसाचं डोकं असं असं चालतं म्हणून छातीठोकपणे सांगणारी, त्यातली निम्मी लायब्ररीतून आणून वाचा, विकत घेऊ नका. आणि त्याच दुकानात मागच्या भिंतीला, गुडघ्याच्या उंचीवर, समाजशास्त्र म्हणून जी रटाळ कव्हरची पुस्तकं कोंबलेली असतात, कुठल्यातरी एका वस्तीवर नाहीतर एका धंद्यावर लिहिलेली, ती मात्र घ्या, महाग वाटली तरी घ्या. माणसं अशी का वागतात हे मला तरी त्या खालच्या कप्प्यानेच जास्त सांगितलं.

मी काही प्राध्यापक वगैरे नाही. फोर्टात एका ऑफिसात अकाउंट्स बघते, मुलुंडहून येताजाता गाडीत जेवढं वाचून होईल तेवढं. भाची देवनारला टिसमधे (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) एमए करतेय, तिच्या तोंडून ही नावं कानावर पडली, नाहीतर आमची धाव दिवाळी अंकांपर्यंत. त्यामुळे हा रिव्ह्यू गिऱ्हाईकाचा आहे, विद्वानाचा नाही, आणि गिऱ्हाईक म्हटलं की किमतीपासूनच सुरुवात होणार.

तर किमतीचं असं आहे. युनिव्हर्सिटी प्रेसचं पुस्तक येतं तेव्हा हार्डकव्हर निघतं ते मुळात लायब्रऱ्यांसाठी, किंमत बघून आपण हळूच परत ठेवून देतो. पेपरबॅक कधी सोबत येतं, कधी वर्षभराने. आणि नशिबात असेल तर मागून भारतीय आवृत्ती येते, आत किंवा मागच्या कव्हरवर 'विक्री फक्त भारतीय उपखंडात' अशा अर्थाची ओळ छापलेली. हीच आपल्या कामाची. मजकूर तोच, पान नंबर तेच, कागद जरा हलका आणि किंमत निम्म्याहून खाली. दुकानात सरळ विचारायचं, याची इंडियन एडिशन आहे का म्हणून, लाजायचं काही कारण नाही, फोर्टातले चांगले दुकानदार स्वतःच शोधून देतात. ऑनलाइन मात्र बघून घ्या कारण एकाच फोटोखाली दोन्ही आवृत्त्या असतात आणि घाईत क्लिक केलं की अमेरिकन आवृत्ती घरी येते, त्यापेक्षा आयएसबीएन नंबर ताडून बघायला दोन मिनिटं लागतात.

आता वरच्या शेल्फाकडे येऊ. सगळ्यात जास्त दिसणारं पुस्तक म्हणजे डॅनियल काहनेमन यांचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो'. २०११ चं आहे, पण अजून दर्शनी भागात असतं, सिग्नलवरच्या पोरांकडे सुद्धा असतं. माणूस मोठाच होता यात वाद नाही, मानसशास्त्रज्ञ असून २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, २०२४ मधे गेले. पुस्तकातला पहिला अर्धा भाग वाचायला तर धमाल आहे. बॅट आणि बॉल मिळून ११० रुपये, बॅट बॉलपेक्षा १०० रुपयांनी महाग, तर बॉल केवढ्याला? हे मी ऑफिसात चहाच्या वेळी विचारलं, सगळे दिवसभर आकडे मोजणारे लोक, तरी 'दहा' असाच कोरस आला. उत्तर पाच. (पुस्तकात ते डॉलरमधे आहे, मी आपलं रुपयात केलं.) एक सीनियर सर तर पाच ऐकल्यावर सुद्धा कॅल्क्युलेटर काढून बसले आणि मग काही न बोलता टेबलावर गेले.

पण याच पुस्तकात एक प्रकरण आहे, नकळत कानावर पडलेल्या शब्दांनी आपलं वागणं बदलतं असं सांगणारं. त्यातला गाजलेला प्रयोग १९९६ चा: विद्यार्थ्यांना म्हातारपणाशी संबंधित शब्द असलेली वाक्यं जुळवायला दिली आणि नंतर ते पॅसेजमधून हळू चालत गेले म्हणे. २०१२ मधे बेल्जियमच्या संशोधकांनी तोच प्रयोग हाताने घड्याळ लावण्याऐवजी सेन्सर लावून केला तर तसं काही दिसलं नाही. आणि एवढंच नाही, या प्रकरणातल्या बऱ्याच अभ्यासांत माणसं फारच थोडी होती आणि आपण त्यावर जास्त विश्वास टाकला हे खुद्द काहनेमन यांनी २०१७ मधे जाहीरपणे मान्य केलं. याला मोठं मन लागतं, मानलं. पण दुकानात जी प्रत मिळते तिच्यात ते प्रकरण जसंच्या तसं, तळटीप सुद्धा नाही! औषधाच्या स्ट्रिपवर एक्सपायरी असते तशी या शेल्फावरच्या पुस्तकांवर पण छापायला हवी. नव्या वाचकाला कोण सांगणार की बाबा रे हे एवढं प्रकरण सोडून बाकीचं वाच?

'नज'चं जरा बरं आहे. थेलर आणि सन्स्टीन यांचं, मूळ २००८ चं, २०२१ मधे त्यांनी सुधारून 'फायनल एडिशन' काढली. घ्यायचंच तर तीच घ्या. फुटपाथवर जुनी मिळते, स्वस्त म्हणून उचलू नका, कारण नव्यात जो भाग वाढवलाय तोच आपल्या उपयोगाचा: विनाकारण फॉर्म, सह्या, झेरॉक्सा मागून लोकांना हक्काच्या गोष्टीपासून कसं लांब ठेवलं जातं. दर नोव्हेंबरला पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, ते ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसासोबत केलंय त्यांना हे प्रकरण समजवायची गरजच नाही. बाकी अॅमस्टरडॅमच्या विमानतळावर पुरुषांच्या मुतारीत माशीचं चित्र काढलं आणि शिंतोडे कमी झाले वगैरे किस्से आता इतक्या ठिकाणी येऊन गेलेत की बस.

याच शेल्फावरची दोन मात्र मी विकत घेतली आणि पस्तावले नाही. एक 'पुअर इकॉनॉमिक्स', अभिजित बॅनर्जी आणि एस्थर ड्युफ्लो यांचं, २०११ चं. (बॅनर्जींच्या आई मूळच्या पाटणकर, जन्म मुंबईचा, म्हणून २०१९ ला नोबेल मिळालं तेव्हा आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर जो काही महापूर आला होता, आठवत असेल.) यात उदयपूर जिल्ह्यातली लसीकरणाची गोष्ट आहे. गावात कॅम्प नीट वेळेवर लावले तर पूर्ण लसीकरण झालेली मुलं साधारण ६ टक्क्यांवरून १७-१८ टक्क्यांवर गेली, आणि कॅम्पसोबत प्रत्येक डोसला एक किलो डाळ आणि सगळे डोस पूर्ण झाल्यावर स्टीलच्या थाळ्या दिल्या तर जवळजवळ ३८ टक्क्यांवर. आता यावर 'लोक फुकट्या डाळीसाठी येतात' असं म्हणणारा एक काका प्रत्येक घरात असतो. पुस्तक म्हणतं तसं नाही, आईला लस नको नसते, आज कशाला, उद्या बघू, असं चाललेलं असतं, आणि डाळ त्या 'उद्या'ला 'आज' करते. याच जिल्ह्यात नर्स सेंटरवर हजर राहावी म्हणून केलेला त्यांचा एक प्रयोग साफ फसला, सरकारी खात्यातल्या लोकांनीच सवलती देऊन देऊन त्याची हवा काढली, आणि ते सुद्धा पुस्तकात लिहिलंय. फसलेलं लिहितात म्हणून मी यांच्यावर जरा जास्त विश्वास ठेवते.

आणि एक मुंबईचं पण आहे त्यात. 'प्रथम' ही संस्था मुंबईचीच, त्यांचा बालसखी कार्यक्रम: मुंबई आणि बडोद्याच्या म्युनिसिपल शाळांतली तिसरी-चौथीची जी पोरं मागे पडलीत त्यांना रोज काही वेळ वर्गाबाहेर घेऊन वस्तीतलीच एक मुलगी शिकवते, बी.एड. वगैरे काही नाही तिच्याकडे, तरी पोरांचं वाचन-गणित सुधारलं. ज्यांनी म्युनिसिपालटीच्या शाळेचे वर्ग आतून बघितलेत त्यांना हे पटेल, कारण तिथे बाई पुस्तक संपवायच्या मागे असतात आणि मागच्या बाकावरचं पोर अजून जोडाक्षरावर अडकलेलं असतं.

दुसरं 'स्कार्सिटी', मुल्लैनाथन आणि शफीर, २०१३. तामिळनाडूतले ऊस उत्पादक शेतकरी, त्यांना तोडणीच्या आधी म्हणजे हातात पैसे नसताना आणि नंतर पैसे आल्यावर अशी दोनदा कोडी सोडवायला दिली. माणूस तोच, पण पैसे नसताना कोडी कमी सुटतात. ज्यांच्या गावाकडे ऊस आहे त्यांना हे शास्त्र न वाचताच माहिती आहे, कारखान्याचं बिल अडकलं की घरात लग्न-आजारपण-शाळा सगळ्याच निर्णयांचा कसा विचका होतो ते. चेन्नईच्या कोयंबेडू मार्केटातल्या फेरीवाल्यांची गोष्ट तर माझ्या डोक्यातून गेलीच नाही: सकाळी १००० घ्यायचे, संध्याकाळी १०५० परत द्यायचे, दिवसाला ५ टक्के! संशोधकांनी काहींचं कर्ज फेडून टाकलं. लगेच नाही, पण वर्षभरात एकेक करत ते पुन्हा कर्जात, कारण मधे एखादा खर्च आला की हाताशी काहीच नसतं. दादर स्टेशनबाहेर पहाटे भाजी-फुलं उचलणाऱ्या बायकांना याच हिशोबात पैसे घेताना मी बघितलंय. अर्थात याही पुस्तकाचा तो भाग, टंचाईने डोकं कसं व्यापलं जातं यावरचे प्रयोगशाळेतले छोटे छोटे प्रयोग, पुढे इतरांनी पुन्हा करून बघितले तेव्हा बऱ्याच ठिकाणी तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे शेतात आणि मार्केटात जाऊन केलेलं वाचा, खोलीत बसवून केलेलं जरा सांभाळून.

हे खोलीत बसवण्याचं काय ते नीट समजायला जोसेफ हेन्रिकचं 'द वीअर्डेस्ट पीपल इन द वर्ल्ड' (२०२०) उपयोगी पडलं. त्याचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा २०१० चा एक पेपर गाजला होता, त्यात हिशोब असा की मानसशास्त्राच्या नावाजलेल्या जर्नल्समधले ९६ टक्के प्रयोग ज्या पाश्चात्त्य औद्योगिक देशांतल्या माणसांवर झालेत तिथे जगाची फक्त १२ टक्के लोकसंख्या राहते. त्यातही बरेचसे कॉलेजचे विद्यार्थी. दोन रेघा सारख्या लांबीच्या पण टोकाचे बाण उलटसुलट असले की एक लांब दिसते, शाळेत बघितलं असेल, तो दृष्टिभ्रम सुद्धा सगळ्या जगात सारखा नाही, अमेरिकन विद्यार्थी त्यात सगळ्यात जास्त फसतात आणि कलहारीच्या वाळवंटातले लोक जवळपास फसतच नाहीत. म्हणजे डोळ्याचं सुद्धा सगळीकडे एक नाही, मग 'माणूस' असा असा वागतो कुठल्या माणसाबद्दल चाललंय?

हेन्रिकचा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे आणि तो मला अर्धाच पटला. तो म्हणतो मध्ययुगात चर्चने चुलत-मामे भावंडांतली लग्नं बंद केली, त्यामुळे युरोपात भाऊबंदकी मोडली आणि एकेकटा माणूस तयार झाला. आपल्याकडे मामाची मुलगी करून घेणं अजून कितीतरी घरांत चालतं आणि चुलतबहीण म्हटलं तर लोक कानावर हात ठेवतील, उत्तरेत गेलात तर मामाची सुद्धा नाही. इरावती कर्व्यांनी १९५३ मधे नात्यागोत्यांवरच्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात हे प्रांताप्रांताने मांडून ठेवलंय, महाराष्ट्र कसा उत्तर आणि दक्षिणेच्या मधल्या पट्ट्यात येतो ते. एवढा मसाला आपल्याकडे असताना हेन्रिक युरोपातच रमतो. सातशेच्या आसपास पानं आहेत, त्यात मागच्या टीपा आणि संदर्भच इतके की पुस्तक लोकलच्या चौथ्या सीटवर, म्हणजे तिघांच्या बाकावर कडेला टेकून, धरवत नाही. लायब्ररी.

बरं आता खालचा कप्पा.

'व्हाय लॉयटर?', शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींचं, पेंग्विनने २०११ मधे काढलेलं. नवीन नाही पण नव्या प्रती येत राहतात. याच्यामागे मुंबईत तीन वर्षं चाललेला अभ्यास आहे, बायका रस्त्यावर, स्टेशनवर, बागेत, मॉलमधे कशा वावरतात त्याचा. मुद्दा ऐकायला इतका साधा आहे की आपण म्हणतो यात काय: बाई घराबाहेर असते ती कशासाठी तरीच असते. ऑफिस, भाजी, पोराची शाळा, देऊळ. नुसतीच उभी आहे, काही कारण नाही, असं चालत नाही. कारण नसेल तर कारण दाखवावं लागतं, म्हणजे फोन कानाला लावायचा, घड्याळात बघायचं, पर्समधे काहीतरी शोधायचं.

हे वाचल्यावर मी मुलुंडला स्टेशनबाहेर बघायला लागले. पुरुष कट्ट्यावर, बंद दुकानाच्या पायरीवर, पानाच्या गादीपाशी, उभ्या बाइकवर आडवेतिडवे बसलेत, कोणाला काही पडलेली नाही. बाई एक नाही तशी. ज्या उभ्या आहेत त्या रिक्षाच्या लाइनीत नाहीतर कोणाची तरी वाट बघतायत, आणि वाट बघतोय हे लांबून कळावं अशाच उभ्या आहेत, मान सारखी ब्रिजच्या जिन्याकडे. वीस वर्षं मी त्याच जागेवरून जाते. दादरला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बायका दिसतात हे खरं, पण तिथे सुद्धा पायात स्पोर्ट शूज असतात, म्हणजे वॉकला आलोय हा पुरावा सोबत. आणि मुताऱ्यांचं तर बोलूच नका. तिघींनी बायकांच्या शौचालयांवर जे लिहिलंय ते वाचून मला कळलं की दुपारनंतर पाणी न पिणं ही माझी 'सवय' नाहीये, ती शहराने लावलेली शिस्त आहे.

यात मला सगळ्यात धाडसी वाटलं ते हे की त्या 'बायकांना सुरक्षित ठेवा' असं म्हणतच नाहीत. सुरक्षितता मागितली की बायकांना घरी लवकर या म्हणून सांगतात आणि रस्त्यावरून कोणाला तरी हाकलतात, फेरीवाला, बेकार पोरं, दुसऱ्या धर्माचा, दुसऱ्या भाषेचा माणूस. त्या म्हणतात आम्हाला धोका पत्करायचा हक्क द्या, आणि उगाच उभं राहायचा हक्क सगळ्यांनाच द्या. आमच्या डब्यातल्या मैत्रिणींना हे सांगितलं तर अर्ध्या जणी म्हणाल्या वेड लागलंय, आणि एक, जिला दोन मुली आहेत, ती काहीच बोलली नाही. मला स्वतःला अजून पूर्ण पटलेलं नाही. रात्री साडेअकराला कांजूरला गाडी बंद पडून उभी राहिली की हक्क वगैरे आठवत नाही, डब्यात अजून कोण आहे तेवढंच बघते. शिवाय पुस्तक डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या प्रकरणाआधीचं आहे, त्यानंतर सगळी चर्चाच सीसीटीव्ही आणि कडक शिक्षेकडे गेली, ते यात येणार नाहीच. तरीसुद्धा माणसाच्या वागण्याबद्दल मी वाचलेल्यांत हेच पहिलं.

'हायड्रॉलिक सिटी', निखिल आनंद, ड्यूक युनिव्हर्सिटी प्रेस, २०१७. पाण्यावर. हो, नुसतं पाण्यावर, मुंबईच्या नळाच्या पाण्यावर अख्खं पुस्तक. वैतरणा, भातसा, तानसा तिकडून शंभर किलोमीटरवरून पाणी येतं इथपर्यंत आपल्याला शाळेत शिकवलं, आलं की नळाला येतं. हा माणूस जोगेश्वरीच्या वस्त्यांमधे राहून, प्लंबर, नगरसेवक, सोशल वर्कर, म्युनिसिपालटीचे इंजिनियर आणि चावीवाले यांच्यामागे फिरून सांगतो की त्या दोन टोकांच्या मधे काय काय आहे. चावीवाला म्हणजे रस्त्यातलं झाकण उघडून लांब चावीने व्हॉल्व्ह फिरवणारा, ज्याच्यामुळे तुमच्या गल्लीत साडेपाचला पाणी येतं आणि पलीकडच्या गल्लीत आठला. मी लहानपणी भांडुपला चाळीत होते, पाण्याची वेळ पहाटेची, पिंपाखाली बादली, बादलीनंतर कळशी, आणि 'आज फोर्स नाही' हे वाक्य दिवसाचा मूड ठरवायचं. ते आमचं घरगुती दुखणं आहे असंच मला वाटायचं. इथे कळतं की कोणाच्या पाइपला किती प्रेशर हे फक्त चढ-उतारावर नाही तर कागदावर, झोपडी कधीपासूनची धरायची त्या कट-ऑफ तारखेवर, वस्ती कोणत्या लोकांची आहे आणि नगरसेवक कोणाचं ऐकतो यावर पण ठरतं. आणि गळती नेमकी किती आणि चोरी नेमकी किती हे इंजिनियरला सुद्धा नीट वेगळं काढता येत नाही, हे प्रकरण तर मला हिशेबनीस म्हणून विशेष आवडलं, कारण जुळत नसलेला ताळेबंद रोज पुढे ढकलण्याचं दुःख मला माहिती आहे.

भाषा मात्र कठीण. मधे मधे चार पानं अशी येतात की थिअरीवाल्यांची नावं नुसती ओळीने, गाडीत ती मी सरळ उलटली. काही बिघडलं नाही. भाची म्हणते तीच पानं परीक्षेला येतात, ठीक आहे, मला परीक्षा नाही.

शैलजा पाइक यांचं 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' (स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, २०२२) तमाशावर आहे. पाइक पुण्याच्या येरवड्यात वाढलेल्या, आता अमेरिकेत सिनसिनाटीला इतिहास शिकवतात, २०२४ मधे मॅकआर्थर फेलोशिप, अमेरिकेतला मोठा मान, मिळाली तेव्हा पेपरात मोठी बातमी होती. तमाशा म्हटलं की आपण एकतर 'लोककला, महाराष्ट्राची शान' म्हणतो नाहीतर नाक मुरडतो, आणि दोन्ही करताना फडात नाचणारी बाई बहुतेक वेळा कोणत्या जातीची असायची हे बोलत नाही. त्या नेमकं तेच धरून बसतात. पठ्ठे बापूराव आणि पवळाबाई हिवरगावकर यांची जोडी आपण 'अमर प्रेमकथा' म्हणून ऐकत आलो, ब्राह्मण शाहीर आणि महार नर्तकी, त्यात नाव कोणाचं झालं, पैसा कोणाकडे गेला, आणि 'अश्लील' हा शिक्का कोणाच्या कपाळी बसला ते वाचताना गाडीत मला अस्वस्थ व्हायला झालं. मंगला बनसोड्यांवरचा भाग वेगळाच, तिथे लेखिका प्रत्यक्ष फडावर जाऊन बोलते. आणि आंबेडकरी चळवळीने तमाशा नाकारून जलसे, म्हणजे चळवळीचा विचार सांगणारे गाण्यांचे कार्यक्रम, उभे केले, त्याने माणुसकी मिळाली पण ज्या बायका फडातच राहिल्या त्यांचं काय, हा प्रश्न त्या आपल्याच घरात विचारतात. सोपं नसतं ते. एकच तक्रार, हे पुस्तक मराठीत आधी यायला हवं होतं, ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचता यावं म्हणून. गिरणी कामगारांच्या मुलाखतींचं नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं पुस्तक 'कथा मुंबईच्या गिरणगावाची' म्हणून मराठीत आलं, म्हणूनच माझे सासरे, जे ८२ च्या संपात होते, ते वाचू शकले, आणि पानापानावर 'हे असं नव्हतं' म्हणत वाचलं, पण वाचलं.

रुक्मिणी एस. यांचं 'होल नंबर्स अँड हाफ ट्रुथ्स' (२०२१) पत्रकाराचं आहे, सगळ्यात सोपं, आकड्यांवर आहे म्हणून घाबरू नका. दिल्लीच्या कोर्टांत २०१३ मधे पूर्ण चाललेल्या ४६० बलात्काराच्या केसेस त्यांनी एकेक करून वाचल्या, त्यातल्या ४० टक्क्यांच्या आसपास प्रकरणं मुलगा-मुलगी राजीखुशीने पळून गेले आणि घरच्यांनी तक्रार केली अशी निघाली. यावरून कोणी 'बघा, बायका खोट्या केसेस करतात' असं काढेल तर त्याने पुढची पानं पण वाचावीत, केस करणारे बहुधा आईबाप असतात आणि मधे असते जात. एवढंच घ्यायचं बजेट असेल तर हे घ्या आणि 'व्हाय लॉयटर?' घ्या.

आता वस्तू म्हणून. या सगळ्या पेपरबॅक्सना नुसता गोंद असतो, शिलाई नसते, त्यामुळे जाड पुस्तक मधोमध जोरात उघडलं की पाठ मोडते आणि वर्षभरात पानं सुटतात. जुलै-ऑगस्टात कव्हरं वर वळतात, सगळीच, प्रकाशक कुठलाही असो, त्यावर जाड डिक्शनरी ठेवण्याशिवाय मला इलाज सापडलेला नाही. परदेशी युनिव्हर्सिटी प्रेसवाल्यांची काही पुस्तकं आता मागणीनुसार छापतात, ती ओळखू येतात, कागद पांढराफट्ट, कव्हर गुळगुळीत आणि फोटो करडे-करडे. टीपा मागे असतात म्हणून दोन खुणा लागतात. आणि इंडेक्स नसेल तर ते पुस्तक अभ्यासाचं म्हणून विकत घेऊ नका, नंतर एक गोष्ट शोधायला अख्खं चाळावं लागतं.

पायरेटेड पण सांगायला हवं. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला काहनेमनची जी प्रत पाठवली तिच्यात तक्ते इतके पुसट की आकडे दिसत नव्हते, आणि शेवटच्या टीपांची पानंच गायब. परत घेतली, पण वाद घालूनच. अशी प्रत हातात घेतल्यावर कळते, कव्हरवरचं नाव जरा धुरकट असतं आणि आतला समास एका बाजूला कललेला.

कुठे घ्यायची? स्ट्रँड २०१८ मधे बंद झालं त्याची हळहळ अजून आहे, तिथल्या सेलची चटक लागलेली पिढी आमची. आता फोर्टात किताबखाना आहे, तिथे उभं राहून पन्नास पानं वाचली तरी कोणी हटकत नाही. पीपल्स बुक हाउस पण तिथेच चालत जाण्यासारखं, जात, कामगार, स्त्रिया या विषयांवर मराठी-इंग्रजी दोन्ही मिळतं. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पाठ्यपुस्तकं जास्त, पण कधीमधी एमएच्या मुलांनी विकलेला ऐवज सापडतो, पेन्सिलच्या खुणांसकट, आणि महत्त्वाचं काय ते आयतं अधोरेखित केलेलं असतं.

आणि ६ डिसेंबरला शिवाजी पार्क. पुस्तकांचा एवढा मोठा बाजार मुंबईत दुसरा नसेल. आपल्याकडचे बरेच लोक त्या दिवशी दादरला गर्दी म्हणून जातच नाहीत, आणि तिथे लोक गावाहून आणलेल्या पिशव्या भरभरून पुस्तकं नेत असतात. बाबासाहेबांचे सरकारने छापलेले लेखन आणि भाषणांचे इंग्रजी खंड, हार्डबाउंड, बाहेरच्या एखाद्या पेपरबॅकपेक्षा स्वस्त. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या तर किती आवृत्त्या मांडलेल्या असतात, मराठी, हिंदी, इंग्रजी, टीपांसकट, बिनटीपांच्या. मुळात हे भाषण, १९३६ मधे लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बोलावलं होतं आणि मग ते रद्द केलं, तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वतःच्या खर्चाने छापलं. टीपा असलेली आवृत्ती घ्या, पैसे सुटे न्या, आणि सकाळी लवकर जा, दुपारनंतर हवा तो खंड मिळेलच असं नाही.